जीबीएसनंतर वैमानिकाची वैद्यकीय पात्रता परत मिळते का?

प्रश्न (मालवण): माझा धाकटा भाऊ प्रवासी विमानावर सहवैमानिक आहे. पोट बिघडल्याचे निमित्त होऊन त्याला जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवर हल्ला करते तो आजार) झाला, कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले आणि डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) वैद्यकीय तपासणीत तो तात्पुरता अपात्र ठरला. आता तो चिवल्याच्या वाळूत आधाराशिवाय चालतो, मात्र डावी टाच उचलताना पाय अजून थरथरतो. वर्ग १ ची, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाला लागणारी वैद्यकीय पात्रता पुन्हा मिळू शकेल का?

उत्तर (रत्नागिरी): ताई, आशा धरायला जागा आहे. हा आजार मेंदूबाहेरील मज्जातंतूंचा असल्याने मेंदूच्या विकारांनंतर झटक्यांची जी धास्ती असते, ती येथे मुख्य नसते. प्रश्न ताकदीचा आहे. एक इंजिन बंद पडल्यास विमान सरळ ठेवण्यासाठी रडरचे (शेपटीवरील उभ्या सुकाणूचे) पेडल एकाच पायाने सतत दाबून धरावे लागते आणि चाकांचे ब्रेकही पावलाच्या पुढच्या भागानेच लावतात, म्हणून त्या टाचेकडे दुर्लक्ष करू नका. उभे राहताना रक्तदाब घसरतो का, हेही तपासून घ्या. सुधारणा वर्षभरानंतरही होत राहते. घाईने तपासणीला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (वेंगुर्ले): मज्जातंतू वहन चाचणीचे (मज्जातंतूंतून संदेश कसे वाहतात हे पाहणाऱ्या तपासणीचे) जुने व नवे अहवाल एकत्र ठेवा. मज्जातंतूंच्या वेदनेवरील अनेक गोळ्यांनी गुंगी येते; त्या चालू असतील तर लपवू नयेत आणि पात्रतेसाठी परस्पर बंदही करू नयेत.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. टाचेचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून आधी नीट आखून घेते.