एसजीपीटी उतरला म्हणजे लिव्हर सुधारलं का?

हार्बिनवाली :
एमबीबीएसला चीनमध्ये हार्बिनला होते तेव्हा कॉलेजजवळ देशी औषधांचं जुनं दुकान होतं. भिंतभर लाकडी खण. म्हातारा खण ओढून वाळकी फळं तोलायचा आणि कागदावर ओतायचा. एकदा वू वेई झ चघळून पाहिलं. आधी आंबट्ट, मग कडवट-तिखट, शेवटी खारट. नावाचा अर्थच 'पाच चवींचं फळ'. 1970 च्या दशकात चिनी डॉक्टरांच्या लक्षात आलं, की याने हिपॅटायटिसच्या रुग्णांचा एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) उतरतो. मग बीजिंगमध्ये ल्यू गंगताओ वगैरे मंडळी त्यातल्या रसायनांच्या मागे लागली. त्यातलं एक प्रयोगशाळेत बनवताना बायफेंडेट हे औषध हाती लागलं, पुढे बायसायक्लॉल. दोन्हीच्या गोळ्या चीनमध्ये मिळतात. माझं मत स्पष्ट आहे : काढा सोडा, रेणू घ्या. आपण लिव्हरसाठी देतो त्या कुटकीचं असं का करत नाही?

रात्रपाळी :
अर्धीच गोष्ट सांगितलीत, डॉक्टर. बायफेंडेट बंद केलं की बऱ्याच जणांचा एसजीपीटी पुन्हा चढतो, हे त्याच मंडळींनी नोंदवलंय. रिपोर्ट छान दिसतो, पण विषाणू जिथल्या तिथे. हिपॅटायटिस बीला आज विषाणू दाबणारं टेनोफोव्हिर आहे, सी तर बहुतेकांचा बारा आठवड्यांत जातो. मग हा आकडा उतरवून कोणाचं समाधान?

वैद्यबाई :
विषाणू गेल्यावरही फायब्रोसिस, म्हणजे लिव्हरमधले व्रण, उरतो, त्याचं काय करता? तिथे तुमच्या हातात फारसं नाही. चीनमधलं फुझेंग हुआयू हे मिश्रण नेमकं त्यासाठी आहे. डानशेनची मुळी, कॉर्डिसेप्स ही बुरशी, पीचच्या बिया धरून सहा घटक. अमेरिकेत त्याची दुसऱ्या टप्प्याची चाचणीही झाली. सहातला एक वेगळा काढून त्याच्याकडून सगळ्यांचं काम मागायचं, हे मला पटत नाही.

रात्रपाळी :
मिश्रणाचं म्हणता तर शोसाइकोतो आठवा. जुना चिनी काढा, सात घटक, जपानमध्ये लिव्हरच्या रुग्णांना सर्रास द्यायचे. 1996 मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने त्यावर फुप्फुसाच्या दाहाचे 88 रुग्ण आणि त्यातले 10 मृत्यू जाहीर केले. सातातल्या कशामुळे, ते आधी शोधायला नको?
आणि चीनमधल्याच 308 रुग्णालयांची पाहणी 2019 मध्ये छापून आली. औषधाने लिव्हर बिघडलेले 25,927 रुग्ण, त्यातल्या सुमारे 27 टक्क्यांत कारण वनौषधी आणि पूरक आहार. केस काळे राहावेत म्हणून घेतात ती हो शौ वू ही मुळी त्यात बदनामच.

पाटलाचा_मळा :
आपल्याकडे तरी वेगळं काय? करोनात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेले सहा रुग्ण छापले, तर आयुष मंत्रालयच त्यांच्यावर उखडलं. आणि आमच्या गावात काविळीचं औषध शनिवारी मिळतं, अजून रांग लागते. हिपॅटायटिस ए आपला आपण बरा होतो, श्रेय मात्र शनिवारला.

हार्बिनवाली :
रात्रपाळी, तुम्ही राउंडला लिहिता ती उर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिडची गोळी कुठून आली? अस्वलाच्या पित्तातून! चिनी औषधांत ते शतकानुशतकं आहे. जपान्यांनी त्यातून हे अॅसिड वेगळं केलं, पुढे कारखान्यात बनवलं.

रात्रपाळी :
मान्य. पीबीसीमध्ये (लिव्हरमधल्या पित्तनलिका हळूहळू नष्ट करणारा आजार) ती गोळी मी डोळे झाकून देतो, कारण त्यात तिच्या चाचण्या झाल्यात. फॅटी लिव्हरच्या प्रत्येकाला खिरापतीसारखी वाटतात, त्याला मात्र आधार नाही. (आणि गोळी कारखान्यात बनत असताना चीनमध्ये अस्वलं अजून पिंजऱ्यात आहेत. असो.)

वैद्यबाई :
चाचण्या कराच, मी कुठे नको म्हणते? फक्त तुलनेला औषधाविना खोटा काढा कसा बनवणार ते सांगा. पहिल्या घोटालाच रुग्ण ओळखेल.

हार्बिनवाली :
बाई, तुमचं फुझेंग हुआयू कॅप्सूलमध्येच येतं.

वैद्यबाई :
हो, पण माझे रुग्ण कॅप्सूल उघडून वास घेतात.