आपत्तीत गेलेला रस्ता आणि न आलेला निधी : तुमचे अनुभव

पूर आला, दरड कोसळली की रस्ता वाहून गेल्याची बातमी दोन दिवस चालते. पुढची दोन-तीन वर्षं तो रस्ता कुणाच्या पैशांतून उभा राहतो, यावर फारसं कुणी बोलत नाही. स्थानिक संस्थेत काम करणारे, कंत्राटदार, रोज त्या वाटेने जाणारे, सगळ्यांनी लिहा. सुरुवात मी करते.

मी एका लहान स्थानिक संस्थेत रस्ते विभागात अभियंता होते. अतिवृष्टीत आमचा मुख्य जोडरस्ता डोंगराच्या कडेला खचला. वरून पाहिलं तर जेमतेम तीस मीटरचा तुकडा. माती तपासल्यावर कळलं, की मोरी तुंबून पाणी भरावात मुरलं होतं आणि खालचा उतारच सरकत होता. नुसतं डांबर टाकून भागणार नव्हतं. उतारातलं पाणी बाहेर काढायला हवं होतं, संरक्षक भिंत हवी होती, मोरी मोठी हवी होती. मदतीचा नियम मात्र ‘होतं तसं करून घ्या’ एवढाच. जुन्या मापाच्या मोरीचे पैसे मिळणार, वाढीव मापाचा खर्च संस्थेचा, आणि तो आमच्या वर्षभराच्या रस्ते-तरतुदीहून जास्त! आम्ही जुन्याच मापाची मोरी बसवली. तिसऱ्या पावसाळ्यात ती तुंबली आणि भराव पुन्हा गेला. त्या अंदाजपत्रकावर माझी सही आहे, ते अजून मनाला लागून राहिलंय. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्यात २०१३ च्या पुरानंतर ८ कोटी डॉलरचा वेगळा निधी उभा केला गेला. तो नेमका या फरकासाठी होता, वारंवार वाहून जाणारं काम आधीपेक्षा भक्कम बांधता यावं म्हणून. अशी सोय आम्हाला हवी होती.

*

मी हिशेब विभागात आहे. मंजुरीचं पत्र आलं की लोकांना वाटतं पैसे आले. आमच्याकडे आधी स्वतः खर्च करायचा, बिलं जोडायची, मग परतफेड. तोवर कंत्राटदार थांबत नाही, आणि शिल्लक तर मलबा उचलण्यातच संपलेली असते. दुसरी अडचण पुराव्याची. आपत्तीआधी रस्ता धड होता हे दाखवावं लागतं. अकरा ठिकाणांपैकी तीनच ठिकाणचे जुने फोटो सापडले. बाकीच्यांवर शेरा आला : ‘देखभालीअभावी झालेली झीज’. आता दर पावसाळ्याआधी गाडीला मोबाइल लावून सगळ्या रस्त्यांचं तारखेसह चित्रीकरण करतो. ज्यांच्या हातात आहे त्यांनी हे एवढं तरी कराच.

*

शाळेची बस चालवतो. मुख्य रस्ता बंद झाल्यावर ट्रकसुद्धा आमच्या अरुंद वळणरस्त्याने जायला लागले. सहा महिन्यांत त्याच्या कडा तुटल्या, दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाला मागे जावं लागायचं. त्याची दुरुस्ती कुठल्याच यादीत नव्हती.

*

वरच्या बसचालकांचं अगदी खरं. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर मुद्दाम ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली होती. त्यावरून बसवलेला ठोकताळा असा, की आसावरचा (चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यावरचा) भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान साधारण १६ पट होतं. हलक्या गाड्यांसाठी बांधलेल्या रस्त्यावर ट्रक सोडले की तो रस्ताही आपत्तीग्रस्तच समजायला हवा. मदतीच्या प्रस्तावात वळणरस्ता पहिल्या दिवसापासून घाला, नंतर कुणी ऐकत नाही.

*

मी स्थानिक संस्थेच्या सभेचा सदस्य होतो. खचलेल्या रस्त्याचे पैसे उभे करायला कर वाढवायचा, कर्ज काढायचं, की इतर रस्त्यांची कामं थांबवायची, असे तीनच पर्याय सभेपुढे होते. मी कामं थांबवण्याच्या बाजूने हात वर केला. ज्यांचे रस्ते थांबले त्यांच्या दारात जाऊन कारण सांगायला मला वर्ष लागलं. आधी जायला हवं होतं.

*

आम्ही खचलेल्या भागाच्या पलीकडे राहतो. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. वळसा घालून जायला दुप्पट वेळ, परतताना तिला उलट्या व्हायच्या. चौकशीला गेलं की एकच उत्तर, ‘प्रस्ताव वर पाठवलाय’. पैसे नाहीत हे मला समजत होतं. रस्ता दोन वर्षं होणार नाही, एवढं कुणी स्पष्ट सांगितलं असतं तर आम्ही पहिल्याच महिन्यात दवाखान्याजवळ खोली घेतली असती. घेतली ती चौदाव्या महिन्यात.