नवा पीसी घेऊन राहिलो, हे पार्ट एकमेकांत बसतील का?

पांढरंसोनं_आर्णी
गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, लग्नाचे अल्बमही फोटोशॉपमध्ये लावतो. यादी अशी: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, डीडीआर५ ची ८ जीबीची एक रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, कॅबिनेटसोबत येणारा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). ग्राफिक्स कार्ड नाही. ६०० व्हीएचा यूपीएस घरचाच आहे. सामान नागपूरहून येणार, बदलायला पुन्हा जाणं जमत नाही. काही चुकून राहिलं का?

सोल्डरगन
भाऊ, अशीच यादी आणली तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. साध्या ५६०० ला स्वतःचा डिस्प्ले नसतो, बोर्डावर एचडीएमआय असलं तरी. ५६००जी घ्या. बिलावर ‘जी’ वाचूनच पैसे द्या.

बी४५० म्हणजे एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसायच्या जागेचा) बोर्ड, त्यात फक्त डीडीआर४ चालते. डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावला तर स्लॉट जाईल. ३२०० ची ८-८ जीबीच्या दोन घ्या. ५६००जी चं ग्राफिक्स रॅममधूनच वाटा घेतं, एकच काडी लावली तर त्याचा वेग बराच पडतो. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा. मग बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा पूर्ण वेग, चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगानं चालत राहते.

बी४५० जुन्या स्टॉकचा असेल तर बायोस जुना निघतो आणि प्रोसेसर ओळखत नाही. बॉक्सवर ‘रायझन ५००० डेस्कटॉप रेडी’ स्टिकर पाहा किंवा दुकानातच अपडेट करून मागा.

डीपीवरचा_कावळा
एसएसडी महागडी जेन४ (पीसीआयई ४.०) नका घेऊ, ५६००जी पीसीआयई ३.० या जुन्या, कमी वेगाच्या जोडणीवरच चालतो. वाचलेले पैसे एसएमपीएसमध्ये घाला. कॅबिनेटसोबतचा तो डबा म्हणजे नुसतं वजन. ४५० वॉट, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते याचा शिक्का) घ्या आणि लेबलवर इनपुट १००–२४० आहे का ते वाचा. तुमच्याकडे व्होल्टेज किती येते?

पांढरंसोनं_आर्णी
मोटरपंप सुरू झाले की १७० पर्यंत उतरते. लाइन तर रोजच जाते.

डीपीवरचा_कावळा
मग २००–२४० वाला घेऊच नका, १७० वर मशीन आपोआप रिस्टार्ट होईल. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट, या मशीनला आणि मॉनिटरला पुरे. बॅटरी नवी असेल तर दहा-पंधरा मिनिटं मिळतात, फाइल सेव्ह करण्यापुरती. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर लावू नका, त्याचा हीटर एका झटक्यात खूप करंट ओढतो आणि यूपीएस ट्रिप होतो.

अर्थिंगही पाहून घ्या. मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. अर्थिंग तुटलेलं असलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर शंभरेक व्होल्ट उतरतात, हात लावला की झिणझिण्या येतात. यात एसएमपीएसचा दोष नसतो, तो बदलून उपयोग नाही.

सोल्डरगन
राहिला उन्हाळा. खोलीतच ४२-४३ असेल तर प्रोसेसरसोबत मिळणारा कूलर पुरत नाही, अल्बम एक्स्पोर्ट करताना प्रोसेसर ९५ अंशांकडे जातो, मग तो स्वतःच वेग कमी करतो. पुढे जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. काच पुढे असलेलं दिसायला छान, पण हवा कुठून जाईल? पुढे एक १२० एमएम पंखा आत हवा घेणारा, मागे एक बाहेर फेकणारा. कापसाच्या हंगामात पुढची जाळी दर पंधरा दिवसांनी ब्रशनं साफ करा, रुई तिथंच अडकते.

जोडताना बोर्ड आधी त्याच्या खोक्यावरच ठेवून चालू करून पाहा. प्रोसेसरजवळ ४+४ वाली वायर लावा. ६+२ वाली ग्राफिक्स कार्डाची, तिथं जबरदस्तीनं घालू नका.