ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी आणि एफएमची खरखर

पावस_खारावारा:
मंडळी, आबांना घेऊन रोज सकाळी पावसहून रत्नागिरीला जातो. ७.१० च्या प्रादेशिक बातम्या ते गाडीतच ऐकतात, आणि त्यांना कानाने कमी ऐकू येतं. गणपतीपासून स्पीकरमधून बारीक शिट्टी येतेय. ॲक्सिलरेटर दाबला की चढते, सोडला की उतरते. शिवाय एफएमवर खरखर. भाट्याच्या पुलावर, शहर समोर दिसत असतानासुद्धा! गाडी २०१४ ची, स्टिरिओ मागाहून बसवलेला. बसवणारा म्हणतो, मशीनच बदला. काल आबा म्हणाले, "बंद कर रे, नुसता त्रास." फार वाईट वाटलं. काय करू?

तारवाला_चिपळूण:
मशीनला इतक्यात हात लावू नका. हे दोन वेगळे आजार आहेत. पेनड्राइव्हवर गाणं लावा. त्यातही शिट्टी आली तर एरियलचा संबंध नाही, अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या भागाचा, आवाज अर्थमधून (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणाऱ्या जोडणीतून) शिरतोय. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, इंजिन आणि हेडलाइट चालू. एक टोक मशीनच्या पत्र्याला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. ०.१ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ कच्चा. खरखरीसाठी एरियलचं बूड उघडा. आपल्याकडे खारं वारं आणि चार महिने पाऊस, रबर चिरलं की पाणी थेट केबलच्या जाळीत उतरतं.

हर्णै१९:
मशीनला वीज देणाऱ्या लाल वायरवर नॉइज फिल्टर टाका, दोनेकशे रुपयांत काम होईल.

तारवाला_चिपळूण:
आधी अर्थ, मग फिल्टर. अर्थ कच्चा ठेवून फिल्टर लावला तर आज आवाज दबेल, पण वायर तिथे गरम होतच राहील. माझ्याकडे असे जळलेले कनेक्टर आलेत.

गुहागरची_मीनल:
लायटरच्या सॉकेटमधला मोबाइल चार्जर आणि डॅशकॅम काढून बघितलात का? माझ्या गाडीत स्वस्तातला चार्जर लावला की एफएम गायबच व्हायचं. चार्जर बदलला, प्रश्न मिटला.

पावस_खारावारा:
रविवारी अंगणात गाडी उघडली. पेनड्राइव्हवरही शिट्टी होतीच. मीटरने ०.६ दाखवलं! मशीन ओढून काढलं तर काळी वायर नुसती पिळून डॅशबोर्डच्या एका स्क्रूखाली दाबलेली, आणि तो स्क्रू रंगावर बसलेला. चौकटीचा पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, वायरच्या टोकाला रिंग लग (धातूची कडी) दाबून बसवून १० च्या बोल्टने आवळली, वर ग्रीस. आता ०.०३. शिट्टी गेली.

मग टपावरचं एरियल. बुडाचं रबर बोटाने चुरलं. आत जाळीवर हिरवी भुकटी, नखाने खरवडली तर तांब्याच्या तारा तुटूनच हातात आल्या. बूड आणि केबल दोन्ही नवीन घातलं, ४५० रुपये. मीनलताई, तुमचंही बरोबर निघालं. चार्जर लावला की अजून थोडी किरकिर होते, म्हणून बातम्यांच्या वेळेला तो काढूनच ठेवतो.

आज पुलावर बातम्या लागल्या. आबांनी स्वतः हात पुढे करून आवाज कमी केला.

तारवाला_चिपळूण:
वा! एरियलच्या बुडाभोवती सिलिकॉन लावलंत ना? नसेल तर मिरगाच्या आधी लावून घ्या.