आठवण गेली म्हणजे अक्कलहुशारी गेली का?

आर्वीकर शिक्षक: गावातील नेत्रशिबिराचे संमतिपत्र मराठीत करताना एका वाक्यावर अडलो आहे. 'स्मृतिभ्रंशाचा रुग्ण निर्णय घेण्यास अक्षम असल्यास नातेवाइकाने सही करावी,' असे मी लिहिले. पण माझ्या आईला सकाळचे जेवण दुपारी आठवत नसले, तरी मोतीबिंदूबद्दल दोन दिवसांत तीनदा विचारले तेव्हा तिन्ही वेळा तिने एकच उत्तर दिले: "मले आता निंदाले जायाचं नाही, एक डोया पुरते." तिला 'अक्षम' म्हणायला हात धजत नाही. दुसरा शब्द सुचवावा.

परिचारिका, यवतमाळ: मूळ अडचण 'स्मृतिभ्रंश' या शब्दातच आहे. गीतेत 'स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशः' हे क्रोधाच्या संदर्भात आले आहे, आजाराच्या नव्हे. तरीही तो शब्द कानी पडला की पुढचा बुद्धिनाश नातेवाईक गृहीतच धरतात. आमच्याकडे लोक 'याद राहत नाही' म्हणतात, तेच नेमके आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याचे कलम ४ मानसिक उपचारांपुरते असले, तरी त्याची कसोटी येथेही विचारात घेण्यासारखी आहे: माहिती समजते का, परिणामांची जाण आहे का, निर्णय बोलून किंवा खुणेने कळवता येतो का. शिवाय, निर्णय इतरांना चुकीचा वाटला एवढ्यावरून क्षमता नाही असे त्यात ठरत नाही.

निवृत्त दस्तलेखक, दर्यापूर: आम्ही आयुष्यभर 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' असे लिहीत आलो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२ प्रमाणे एरवी मन ठिकाणावर नसलेला माणूसही ते ठिकाणावर असताना करार करू शकतो. म्हणजे हुशारी त्या घटकेची पाहायची असते. 'अक्कलहुशारी' हाच शब्द घ्यावा.

भाषाप्रेमी, वर्धा: अक्कल अरबी आणि हुशारी फारसी आहे. 'निर्णयक्षमता' हा शुद्ध शब्द असताना उसनवारी कशाला?

दस्तलेखक: 'कागद'ही फारसीतूनच आला, आणि तो कोणाला परका वाटत नाही. 'निर्णयक्षमता' मात्र माझ्याकडे अंगठा उठवायला आलेल्या एकाही शेतकऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय कळली नसती.

परिचारिका: शुद्धतेचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी खाटेवरच्या म्हातारीसमोर 'अक्कल आहे का' असे वाचून दाखवणे मला जमणार नाही, आमच्याकडे ती सरळ शिवी होते.

दस्तलेखक: ते मान्य. मग नुसते 'हुशारी' ठेवा. त्यातला होश म्हणजे शुद्ध, भान. चलाखी हा अर्थ नंतरचा. माझे वडील शेवटच्या आजारात, कोणी परस्पर काही ठरवू लागले की, डोळे मिटलेलेच ठेवून म्हणत, "मी हुशारीत हाव."