बासमतीचं बी वाटून घेतल्यानं शेती सुधारते का?

येळ्ळूरचा शेतकरी
एकेकाळी आमच्याकडं बेळगाव बासमती शिजली की मागच्या गल्लीत कळायचं. आता शिवारभर इंद्रायणी भात. आम्ही सात घरं मिळून बासमतीचं बी राखालोय. पायलीभर नेलं की सुगीनंतर दीड पायली परत, असा व्यवहार. भाताचं परागीकरण बहुतेक त्याच फुलात होतं, म्हणून बी घरी राखणं सोपं. खळ्यावर दुसरं भात मिसळू द्यायचं नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानंही शेतकऱ्याला बी राखायला, वाटायला, विकायला मोकळीक आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकायचं नाही. माझं म्हणणं एवढंच, बी राखणं असो की बिनरसायनाची शेती, एकट्याच्यानं होत नाही, गावागावांनी हात धरून जाळं केलं तरच होईल. पटत नसेल तर बोला.

निपाणीकडचा
बोलतोच की. नुसता वास खाऊन पोट भरतंय व्हय? ऊस लावला की बिल उशिरा येतं, पण येतं. तंबाखूचा व्यापारी दारात येतो. तुमचं उंच भात पावसात लोळलं तर ती सात घरं भरून देणार काय? आणि रासायनिक खताऐवजी घालायचं ते जीवामृत म्हणजे एकराला १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, गूळ, बेसन, २०० लिटर पाणी. माझ्या गोठ्यात एकच म्हैस, तीपण दूधवाल्याच्या उचलीवर.

येळ्ळूरचा शेतकरी
लोळतं ते बरंचसं युरिया जास्त झाल्यानं. उंच वाणाला कमी खत मानवतं. भात काढल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा टाकला तर जमिनीलाही नत्र मिळतं. आमचे आजे हेच करत होते. उत्पन्न इंद्रायणीपेक्षा कमी, हे मात्र खरं. ते मी लपवत नाही.

खानापूरचा पावणा
बी वाटायला माझी ना नाही. पण पुढं सेंद्रिय म्हणून विकायचं तर स्वस्तातला दाखला म्हणजे पीजीएस, शेतकऱ्यांच्या गटानंच एकमेकांना द्यायचा. त्यात कमीत कमी पाच शेतकऱ्यांचा गट असतो आणि एकमेकांचं शेत तपासून आपणच सही करायची. खर्च कमी, मान्य. पण आमच्यात बांधावरून दोन पिढ्या बोलणं बंद, तो भाऊबंद माझ्या शेतावर सही करणार? आणि केलीच, तर गिऱ्हाइकानं ती का मानायची? निर्यातीला तर ती चालतच नाही, तिथं बाहेरच्या संस्थेचा दाखला लागतो. वर शेतीखात्याच्या रयत संपर्क केंद्रातला कागद कानडीत. म्हाताऱ्यांनी वाचायचा कसा?

निपाणीकडचा
हेच म्हणालोय मी. जाळं बिळं बैठकीत बरं वाटतंय.

भांगलणवाली
सगळे सहीवर भांडालेत. तणनाशक बंद केलं की भांगलण दुप्पट होते, त्याचं कोण बोलणार? पाण्यात वाकून भांगलायचं बायकांनी, मजुरी गड्यापेक्षा कमी, आणि तुमच्या सात घरांच्या बैठकीत बाई एक नाही. तुमच्या जाळ्याला माझा विरोध इथं आहे. आमचा पैरा काय जाळं नव्हतं? आज तुझ्यात, उद्या माझ्यात. त्याला ना नाव होतं ना फलक.

येळ्ळूरचा शेतकरी
वहिनी, भांगलणीचा हिशेब आम्ही धरलाच नव्हता, खरं आहे. पैरा परत लावू. गडीमाणसंपण बसतील भांगलायला.

भांगलणवाली
बसलेली बघू दे आधी. आणि ते सात घरांचं बी निवडून, पाखडून, राख लावून कुणी ठेवलंय, ते घरात विचार.