पुतणीला अंतराळ ‘समजावून सांगायचंय’. पोट भरेल का?

रंकाळवेशीतला काका
पुतणी बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात सगळ्यांनी बँकेच्या परीक्षा ठरवून टाकल्या होत्या. परवा जेवताना तिनं ताट बाजूला सारलं आणि जाहीर केलं, मला विज्ञान सांगायचं काम करायचंय, मराठीत, अंतराळाबद्दल. वहिनी माझ्याकडं बघायला लागल्या, कारण घरातला ‘शिकलेला’ मीच.

माझं मत आधीच सांगतो: हा छंद आहे, करिअर नाही. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरलं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले. त्याच वर्षी केंद्र सरकारनं ‘विज्ञान प्रसार’ ही आपलीच संस्था बंद केली. विज्ञान लोकांपर्यंत नेणं हेच तिचं काम होतं. सरकारलाच नको असेल तर पोरीला पगार कोण देणार? इस्रोत अभियंता-शास्त्रज्ञ म्हणून जायचं तर बहुतेक जागांना बी.ई. लागतं, तेही 65 टक्क्यांनी. ते तिच्याकडं नाही. चुकत असेन तर सांगा, फक्त ‘पॅशन’ हा शब्द न वापरता.

मास्तरीण, राजारामपुरी
चुकताय. नववीच्या वर्गात मी विचारलं, आपल्या कोल्हापुरात अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं थेट मूर्तीवर पडतात तो, वर्षातनं दोनदाच का? नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि मग 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. एकजण म्हणाला, देवीची इच्छा. मी नाही म्हटलं नाही. फळ्यावर 21 डिसेंबर लिहिलं, सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो तो दिवस, आणि दिवस मोजायला लावले. 10 नोव्हेंबरपासून 21 डिसेंबर 41 दिवस. तिथून पुढं 41 दिवस मोजले की 31 जानेवारी. दक्षिणेकडं जाताना सूर्य क्षितिजावर जिथं मावळतो, परतीच्या वाटेवर तिथंच येतो. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरनं आवाज आला, “म्हणजे देऊळ बांधणाऱ्याला हे ठाऊक होतं?” त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. हे ज्याला जमतं त्याला काम नाही असं कसं होईल? जयंत नारळीकर ह्याच कोल्हापुरात जन्मले, केंब्रिजला जाऊन आले आणि आयुष्यभर मराठीत लिहीत राहिले.

रंकाळवेशीतला काका
बाई, किरणोत्सवाचं आज रात्री घरी सांगणार. पण नारळीकरांचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. त्यांचा पगार खगोलशास्त्राचा होता, लिहिण्याचा नव्हता. तुमचाही शाळेचा आहे.

अर्धवेळ पत्रकार
काकांना दुजोरा. ग्रहणावर पानभर लेख लिहिला होता. मानधन 500 रुपये, तेही सात महिन्यांनी, तीनदा फोन करून. त्याच पानावर शेजारी ग्रहणात गरोदर बायकांनी काय टाळावं ह्याची चौकट छापली होती. लेखाला फोन आला नाही, चौकटीला आले.

मास्तरीण, राजारामपुरी
मग चौकट लिहिणाऱ्यालाच सगळं देऊन टाकायचं का? शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं रडार बसवलेलं आहे. जमिनीपासून 80-90 किलोमीटरवरचे वारे मोजणारं. विमानं दहा-बारा किलोमीटरवर उडतात, त्याच्याही कितीतरी वर. सागरमाळावरनं रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे?

फौंड्रीवाला, शिरोली
काका बरोबर हाईत, पण अर्धेच. आमच्याकडं कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे आत हवेची पोकळी, निघालं की रिजेक्ट, वितळवून परत ओततो, विषय संपला. अंतराळाच्या कामाला ते चालत नाही. पार्ट चांगला असून भागत नाही. कुठल्या हीटचा, म्हणजे भट्टीतल्या कुठल्या ओतीचा, धातूत काय किती, तपासला कुणी, कुठल्या यंत्रावर, सगळा कागद पार्टबरोबर जायला लागतो. वालचंदनगरला रॉकेट मोटरची केसिंगं होतात, गोदरेज इस्रोच्या रॉकेटची ‘विकास’ इंजिनं करतं, ते उगाच नाही. 2020 नंतर खासगी कंपन्यांना दार उघडलं तेव्हा आमच्याकडंबी एक चौकशी आली होती. पार्ट झाला. कागद नीट लिहिता आला नाही म्हणून काम हातचं गेलं. चूक आमचीच. फिजिक्स कळणारी आणि साफ लिहिणारी पोरगी घरात आहे, तिला कॅमेऱ्यासमोर कशाला बसवताय?

अर्धवेळ पत्रकार
म्हणजे तिनं तपासणीचे तक्ते भरायचे? छान स्वप्न.

फौंड्रीवाला, शिरोली
तक्त्याला हसू नका राव. तुमच्या पानापेक्षा जास्त पैसे देतो, आणि वेळेवर.

शिरोळकर
तुमचं चालू द्या, मी वेगळं सांगतो. 2019 च्या ऑगस्टात आमच्या घरात छातीभर पाणी होतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. पण बंधाऱ्यावर अमुक फूट झालं की माझ्या दारात किती, हे कोणी सांगत नाही. वरनं ढग, साध्या उपग्रहाच्या फोटोत नुसता कापूस. रडारवाला उपग्रह ढगाआडूनही बघतो. संथ पाण्यावरनं रडारची लाट बाजूला उडून जाते, परत येत नाही, म्हणून फोटोत पाणी काळं दिसतं. पूर ओसरल्यावर एका प्रशिक्षणात हे कळलं. नकाशे तेव्हाही तयार होत होते, पण गावात कोणी वाचून दाखवले नाहीत. ‘विज्ञान संवादक’ अशी जाहिरात कधी दिसणार नाही, काका. पण रिमोट सेन्सिंगमध्ये, म्हणजे उपग्रहाच्या फोटोंवरनं जमीन-पाणी वाचण्यात, एम.एस्सी. करून तो काळा डाग सरपंचाला मराठीत समजावणारा माणूस पाहिजे, आणि तसला मला तरी अजून भेटला नाही.

रंकाळवेशीतला काका
पाहिजे खरा. पगार मात्र अजून कोणी बोललं नाही.

मास्तरीण, राजारामपुरी
बँकेचा बोललात का तुम्ही तरी? परीक्षा पास होईपर्यंत तोही शून्यच असतो.

रंकाळवेशीतला काका
बरं. धागा तिला वाचायला दिला. फौंड्रीवाल्यांचं वाचून हसली, शिरोळकरांचं दोनदा वाचलं. माझं मत बदललेलं नाही, वहिनींना तसं सांगितलंय. ती विचारतेय, 2019 चे ते रडारचे फोटो विकत घ्यावे लागतात का?

शिरोळकर
नाही, फुकट आहेत. सेंटिनेल-1, युरोपचा उपग्रह. कोपर्निकस ह्या त्यांच्याच उपग्रह-माहितीच्या साइटवर नाव नोंदवायचं, ऑगस्ट 2019 निवडायचं, नकाशावर शिरोळभोवती चौकोन काढायचा. एकेक फाइल जीबीच्या घरात जाते, मोबाइलच्या नेटवर नको. आधी पूर यायच्या आधीची एक उतरव म्हणावं, नाहीतर नदी कुठली आणि पूर कुठला ते कळायचं नाही.